ठमाबाईची दोरी

तुम्ही खोटं लिहिलंत.

तुमच्या त्या जाडजूड सरकारी अहवालात एक फोटो आहे आणि फोटोखाली ओळ आहे: "पोलादपूर तालुक्यातील एका वाडीत मूकबधिर वृद्धेला पावसाळ्यात रात्री दोरीने बांधून ठेवले जाते." फोटोत नुसता हात आहे. मनगटात दोरीचा फासा. तोंड तुम्ही कापलंत, ओळख उघड होऊ नये म्हणून. तोंड ठेवलं असतंत तर बघणाऱ्याला दिसलं असतं की ती बाई खदखदून हसतेय.

तो फोटो काढला तेव्हा मी दारात उभा होतो. तुमची माणसं वीर स्टेशनावरून मीच उचलली, मीच वर नेली, मीच परत सोडली. माझा गाडीचा धंदा आहे. अहवाल मला लिहिता येत नाही. पण डोळ्यांदेखत झालेलं सांगता येतं, आणि ते मी सांगणार आहे. त्याला तुमची परवानगी लागत नाही.

ठमाबाई माझ्या आईच्या माहेरची, म्हणून माझी मावशी. माहेर म्हणजे वरचा कोंड. पोलादपूरच्या डोंगरात डांबर संपतं तिथून लाल माती, माती संपते तिथून पायवाट, आणि पायवाटेच्या शेवटी वीसेक घरं. निम्म्या घरांना कुलूप, माणसं मुंबईला. ठमामावशीला जन्मापासून ऐकू येत नाही. बोलता येत नाही असं मात्र म्हणू नका. हातांनी ती एवढं बोलते की समोरचा दमतो. कोंडातल्या प्रत्येक माणसाला तिनं खूण दिलीय. चांगूमामा म्हणजे अर्धी मिशी, कारण तरुणपणी शेकोटीत त्याच्या मिशीची एक बाजू जळली होती. मी म्हणजे स्टिअरिंग फिरवायचं आणि नाक दाबायचं, माझ्या गाडीत डिझेलचा वास येतो म्हणून. सरपंचाची खूण मी इथं लिहू शकत नाही.

नवरा लवकर गेला, मूल नाही. भाऊ होता, तोही गेला. भावाचा मुलगा ओम नालासोपाऱ्याला राहतो, एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीत आहे. ओमची बायको वैशाली वहिनी कोंडातच असते, मावशीच्या शेजारच्या घरात. म्हैस, भात आणि मावशी, तिघांचं बघते. खरं तर मावशीच तिचं बघते.

आता दोरीचं.

कोंडाच्या डोक्यावर कडा आहे. हल्ली पाऊस असा कोसळतो की कड्याचा भरवसा राहिलेला नाही. म्हणून फार लावून धरलं की सगळा कोंड खालच्या गावच्या शाळेत जाऊन बसतो. जायचं कधी ते ठरवतं पाळीचं घर. देवळात दिवा लावायची घरोघर पाळी असते, पाळीची काठी एका दारातून दुसऱ्या दारात जाते. ज्याच्या दाराला काठी टेकलेली, त्यानं त्या दिवशी दिवा लावायचा, आणि पावसाळ्यात जागंही राहायचं. ओढ्याचा आवाज बदलला की त्यानं उठून दारोदार हाळी द्यायची. हे कोणी शिकवलेलं नाही, आपोआप पडत गेलं.

एका वर्षी हाळी दिली, सगळे खाली गेले, आणि शाळेत पोचल्यावर वैशाली वहिनी किंचाळली, "आते कुठाय?" हाळी बहिऱ्या बाईला कशी ऐकू जाणार, हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. चांगूमामा धावत वर गेला, दार ठोकून ठोकून शेवटी कौलं काढून आत उतरला. मावशी शांत झोपलेली. दरड बिरड काही आली नव्हती. पण काय झालं होतं हे सकाळी तिला कळलं, आणि तिनं कोंडाशी बोलणं टाकलं. कोणी समोर आलं की दोन्ही हात काखेत दाबून धरायची. तिच्यापुरतं ते तोंडावर दार आपटणं होतं. किती दिवस चाललं ते विचारू नका, चांगूमामा रडकुंडीला आला होता.

मग तिनंच एक दोरी वळली. जुन्या लुगड्याच्या काठाची, मऊ. एक टोक खिडकीच्या गजातून बाहेर, दुसऱ्या टोकाला सैल फासा. चांगूमामाला मनगटाला धरून खिडकीशी नेलं आणि दाखवलं: बाहेरून तू ओढायचंस. मी जागी झाले की आतून दोनदा ओढीन. नाही ओढलं तर दार फोड. त्या दिवसापासून पाळीच्या घराचं काम एका कलमानं वाढलं. ती फासा बांगडीसारखा चढवायची, बांगडीसारखा काढायची. दिवसा कोणी पोरानं मस्तीनं ओढली तर खिडकीतून तांब्याभर पाणी यायचं, नेम चुकायचा नाही.

ही तुमची बांधलेली वृद्धा.

तुमची तीन माणसं आली. अनुपमा मॅडम, अपंगांच्या हक्कांचा कायदा खाली कितपत उतरलाय ते तपासायला. विपुल म्हणून पोरगा, हातात टॅब, आरोग्य विम्याचं कार्ड लोकांना मिळालं का ते बघायला. आणि रितेश साहेब, समुद्र आणि वारा यांच्या संशोधनातले. त्यांच्या संस्थेनं काढलेल्या अंदाजावरून पावसाचे इशारे मोबाईलवर येतात, ते पोचतात का हे त्यांना हवं होतं. तीन वेगवेगळी मूल्यमापनं, एक गाडी, एक दिवस. डोंगरातल्या माणसांना तुम्ही एवढाच वेळ काढू शकलात.

रितेश साहेब गाडीत माझ्या शेजारी बसले होते. माणूस बरा. अरबी समुद्र कसा तापत चाललाय, त्याची वाफ घेऊन वारा सह्याद्रीला कसा धडकतो, घाटावर पाऊस आणि खाडीला भरती एका वेळी आली की सावित्रीचं पाणी महाडातून बाहेर का पडत नाही, सगळं त्यांनी मला समजेल असं सांगितलं. दोन दिवस आधी कळतं म्हणाले. चांगलं काम आहे, मी कशाला नाही म्हणू?

देवळाच्या ओसरीत सगळे जमले. विपुलनं सुरुवात केली.

"काका, तुमच्या कार्डाला मोबाईल नंबर जोडलाय ना?"

"जोडलाय तर," चांगूमामा म्हणाला. "ओमचा."

"ओम म्हणजे तुमचा मुलगा?"

"माजा कशाला? हिचा नवरा." वैशाली वहिनीकडे बोट. "अख्ख्या कोंडाला त्याचाच नंबर हाय. रेशनला तोच, ग्यासला तोच, ठमीच्या कार्डाला पण तोच."

"अहो, पण स्वतःचा का नाही दिलात?"

"हितं रेंज नाय रे बाबा. हितला नंबर देऊन काय फोडणीला टाकायचा?"

बायका हसल्या. रितेश साहेब पुढे सरकले. "मग पावसाच्या इशाऱ्याचा मेसेज?"

"तो पण नालासोपाऱ्यालाच जातो. आमच्यावर पाऊस पडणार ते ओमला आदी कळतं."

"मग ते तुम्हांला कळवतात?"

"फोन करतात ना," वैशाली वहिनी म्हणाली.

"पण रेंज नाही म्हणता."

"नाय ना. लागतच नाय."

पुन्हा हशा. विपुलनं टॅबवर बोट टेकवलं. मी त्याच्या खांद्यावरून बघत होतो. "मेसेज पोचला" असं लिहिलं होतं, त्याच्यापुढे हिरवी खूण.

मी म्हटलं, "साहेब, तो नालासोपाऱ्याला पोचलाय."

"इथं 'पोचला' आणि 'नाही पोचला' एवढंच आहे हो. पोचलाय ना?"

"पोचलाय, पण..."

"मग झालं."

नंबराची ही चूक आमचीच, ते मी कबूल करतो. कोंडातल्या माणसाला सरकारी काम म्हणजे मुंबईचं काम वाटतं. जे काही कागदावरचं असेल ते मुंबईच्या पोरानं बघायचं, ही आमची जुनी सवय. कोणी फसवलं नव्हतं. पण या सवयीचं तुम्ही पुढे काय केलंत ते सांगतो.

ओसरीवरून सगळे मावशीकडे गेले. पाहुणे आले म्हणून ती खूश. मॅडमना खिडकीतली दोरी दिसली आणि त्यांनी विचारलं, हे काय? झालं! मावशीला तेवढंच हवं होतं. फासा मनगटात घातला, खाटेवर आडवी झाली, घोरायचं नाटक केलं. स्वतःचं घोरणं तिनं कधी ऐकलेलं नाही, पण छाती कशी हलते ते दुसऱ्यांचं बघून ठाऊक आहे. चांगूमामा बाहेर गेला, त्यानं दोरी ओढली. मावशी ताडकन उठली, दोनदा झटका दिला आणि हसत सुटली. तो तुमचा फोटो.

मॅडम हसल्या नाहीत.

"यांना कोण बांधतं?"

"बांदतंय कोण?" वैशाली वहिनी म्हणाली. "आतेचीच आयडिया हाय ती."

"मला त्यांच्याशी बोलायचंय."

"बोला ना. मी सांगते हातानं."

"तुम्ही नाही. घरच्यांनी दुभाषाचं काम करायचं नाही. दबाव असू शकतो. नियम आहे."

नियम कुठून आला असेल ते मला कळतं. घरच्यांनीच गिळून टाकलेली अपंग माणसं मी पाहिलीत. पण मॅडमनी फोन काढला, शहरातल्या कोणा प्रमाणित दुभाषाला व्हिडिओवर घ्यायला, आणि फोनला रेंज कुठली? मॅडम अंगणात गेल्या, गोठ्यामागे गेल्या, चौथऱ्यावर चढल्या.

"मॅडम, तितं नाय, त्या आंब्यावर चढलात तर येते कदीकदी," चांगूमामानं सांगितलं. अगदी मनापासून.

तेवढ्यात मावशीला वाटलं, बाईंना नीट समजलेलं नाही. तिनं मॅडमच्या कोपराला धरून बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं. कानावर हात, नाही. वर आभाळ, पाऊस. कडा, असा खाली. अर्धी मिशी, दोरी, ओढ. मी उठले. आणि शेवटी छातीवर थाप: ही मी केली, मी. इतकं स्वच्छ, की माझ्या गाडीच्या स्टेपनीलाही कळलं असतं.

मॅडमनी वहीत लिहिलं: संवाद प्रस्थापित होऊ शकला नाही.

उतरताना गाडीत रितेश साहेब म्हणाले, "मॅडम, आपला मेसेज त्या बाईंपर्यंत जात नाही. ती दोरी जाते. हे लिहायला हवं."

"रितेश, तुमचं प्रकरण हवामानाचं आहे," मॅडम म्हणाल्या. "एका बाईच्या हाताला फास आहे आणि तो आम्ही चालवून घेतला, असं उद्या कोणी म्हणालं तर?"

रितेश साहेब काचेतून बाहेर बघत बसले. महाड येईपर्यंत बघत बसले. त्यांच्या प्रकरणात दोरीचा शब्द नाही, मी शोधला. ज्याला दिसलं होतं तो गप्प बसला, म्हणून त्याला मी बरा माणूस म्हणतो, चांगला म्हणत नाही.

अहवाल निघाला. कोणीतरी फोटो बातमीत टाकला आणि तुमच्या खुर्चीखाली जाळ झाला. तुमचा माणूस वर आला, दोरी कापून पिशवीत घालून घेऊन गेला. पुन्हा बांधलंत तर गुन्हा दाखल होईल, असा चांगूमामाला दम दिला. म्हाताऱ्यानं आयुष्यात पोलीस चौकीची पायरी चढलेली नाही. त्यानं पाळीची काठी स्वतःच्या दारातून उचलून देवळात नेऊन ठेवली. मला म्हणाला, "चंदू, आता ज्यानं दोरी नेली त्याच्याच दाराला टेकवून ये ही."

तुम्ही एवढ्यावर थांबला असतात तरी चाललं असतं. मावशीनं दुसरी वळली असती. पण तुम्हांला तिचं पुनर्वसन करायचं होतं. महाडातल्या निवारागृहात.

आणि त्याला तिची संमती हवी होती, कारण कायद्यात तसं आहे. संमती कशी घेतलीत? कोंडात कोणी आलं नाही. तिच्या नावापुढच्या मोबाईल नंबरवर फोन गेला. ओम गेटवर उभा, समोर ट्रकांची रांग. पलीकडची बाई म्हणाली, "ठमाबाईंच्या नावावर लाभ मंजूर झालाय. ओटीपी आलाय तो सांगा." ओमनं अख्ख्या कोंडाचे ओटीपी आजवर सांगितलेत. कार्डाचंच काहीतरी असेल म्हणून त्यानं हाही सांगितला. शिवाय कोंडाच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर टाकलं: "आतेचं काम झालं." लोकांनी त्याचं अभिनंदन केलं.

झाली संमती.

गाडी आली तेव्हा मावशीला वाटलं, कार्डावर दवाखान्यात तपासायला नेतायत. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, केसाला तेल लावलं, कोंबड्या झाकल्या. वैशाली वहिनीला खुणेनं सांगितलं, संध्याकाळी आल्यावर भाकरी मीच थापते, तू थापू नकोस, तुझ्या जाड होतात.

ती संध्याकाळी आली नाही. दुसऱ्या दिवशी मी वहिनीला घेऊन महाडला गेलो. तिथल्या साहेबांनी खुर्चीत बसूनच सांगितलं, "संमती आहे."

"कुणाची?" वहिनी म्हणाली.

"त्यांचीच. डिजिटल."

"आतेला डिजिटल म्हंजे काय ते माहीत तरी हाय का? अवो, तुमी तिला विचारलात का?"

"ताई, आवाज वाढवू नका. हे त्यांच्या भल्यासाठी आहे. वर त्यांना इशारा मिळायची सोय नाही. इथं सायरन आहे."

सायरन! बहिऱ्या बाईसाठी! वहिनी माझ्याकडे वळली. "चंदू भावजी, ह्यो माणूस मस्करी करतोय का रे?"

तो मस्करी करत नव्हता.

थांब्यावर गाडी उभी असते तेव्हा मी मोबाईलवर वाचतो. तो कायदा मी मराठीत अख्खा वाचला. त्यात लिहिलंय की अपंग माणसाला इतरांसारखं आपल्या समाजात राहायचा हक्क आहे, अमुकच ठिकाणी राहा अशी सक्ती त्याच्यावर करता येत नाही. कायदा चांगला आहे. माझं त्याच्याशी भांडण नाही, तुमच्याशी आहे. हे कलम मी तुमच्या माणसाला दाखवलं तर तो म्हणाला, "तू गाडी चालव."

निवारागृहात मावशीला तळमजल्याची खोली दिली. का, तर ती अपंग, जिना चढायला नको. जी बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन कडा चढते, तिला! वरच्या मजल्यावर चालते-फिरते लोक ठेवले होते. कान आणि पाय यांतला फरक तुमच्या कागदात नव्हता.

जुलैत पाणी आलं. घाटावर रात्रभर कोसळलं, पहाटे खाडीला भरती होती, आणि सावित्री नेहमीच्या वाटेनं महाडात शिरली. रितेश साहेबांच्या संस्थेनं दोन दिवस आधी सांगितलं होतं, अंदाज बरोबर होता. मावशीच्या नावचा मेसेज नालासोपाऱ्याला पोचला. निवारागृहाचा सायरन वाजला, वेळेवर वाजला. तळमजल्यावरच्या ज्या बायकांनी हाका मारल्या त्यांना उचलून वर नेलं. शेवटच्या खोलीतून हाक आली नाही. त्या खोलीला बाहेरून कडी होती, कारण मावशी दोनदा कोंडाच्या वाटेला लागली होती.

आता सांगा, बांधलेलं कुठे होतं?

तिला पाण्यानं उठवलं. अंगाखालची गादी भिजली तेव्हा ती जागी झाली. दार उघडेना. खाटेवर चढली, खाट तरंगायला लागली तेव्हा खिडकीच्या गजाला लोंबकळली आणि एका हातानं स्टीलची थाळी गजांवर बडवत राहिली. आपला आवाज बाहेर जातोय की नाही, हे कळायची तिला कसलीही सोय नाही. नुसता हाताला बसणारा धक्का. तरी बडवत राहिली. शेजारच्या आळीतले तरुण होडी घेऊन फिरत होते, त्यांनी ऐकलं. गज कापून बाहेर काढली तेव्हा उजवा हात मनगटाच्या वर मोडला होता. पाण्यानं वाहत आलेलं कपाट त्याच्यावर आदळलं होतं.

त्या पहाटे वरच्या कोंडात, काठी देवळात असूनही, हाळी झाली होती आणि सगळे वेळेवर खाली शाळेत गेले होते. कडा जागेवर होता. मावशीचं घर कोरडं होतं.

पाणी उतरत होतं तसा मी गाडी घालून इस्पितळात पोचलो. वैशाली वहिनी चिखलातून चालत आली. डॉक्टरांनी लगेच सलाईन लावलं, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. ऑपरेशन कार्डावर करायचं होतं आणि कार्ड उघडायला ओटीपी. फोन ओमला गेला. पण नव्या नियमानं त्याच्या गेटवर ड्युटी संपेपर्यंत मोबाईल कपाटात ठेवतात. दिवसभर वाजत राहिला असेल. संमती घेताना एका मिनिटात सापडलेला माणूस हात वाचवताना संध्याकाळपर्यंत सापडला नाही. काउंटरवरच्या मुलीच्या मी हातापाया पडलो. म्हटलं, माझा अंगठा घ्या, गाडी ठेवून घ्या. ती बिचारी म्हणाली, "दादा, सिस्टिम पुढे जातच नाही."

ओम त्या रात्री मला फोनवर एवढंच म्हणत होता, "मला वाटलं कार्डाचं हाय रे चंदू. मला वाटलं कार्डाचंच हाय."

हाड बसलं. पण उजव्या हाताची तीन बोटं पुरती मिटत नाहीत. तुमच्या-माझ्यासाठी ती बोटं असतील. मावशीची ती जीभ होती. आता ती अडखळत बोलते. तोतऱ्या माणसासारखी मध्येच थांबते, डाव्या हातानं उजव्याची बोटं वाकवून शब्द पुरा करते. अर्धी मिशी करता येत नाही तिला. चांगूमामा भेटायला आला तेव्हा तिनं ती खूण करायचा प्रयत्न केला, जमली नाही. तर तो म्हातारा गडी म्हणाला, "राहू दे गो, मला कळलं," आणि बाहेर जाऊन माझ्या गाडीच्या टायरवर लाथा घालत राहिला.

इस्पितळातून तुम्ही तिला घरी सोडाल असं आम्हांला वाटलं होतं. तुम्ही परत निवारागृहात नेलंत. या वेळी वरच्या मजल्यावर, सुधारणा म्हणून. तुमच्या पुरवणी अहवालात लिहिलंय की महाडातल्या पुरात इशारा शंभर टक्के लाभार्थ्यांपर्यंत पोचला, विम्याच्या कार्डाचा यशस्वी वापर झाला, आणि एका पीडित महिलेची अमानुष प्रथेतून सुटका करण्यात आली. तिन्ही ठिकाणी मावशीच आहे. एका बाईकडून तुम्ही तीन हिरव्या खुणा काढल्यात.

मी अर्ज केले. तुम्ही अटी घातल्यात. पहिली, वरच्या कोंडात मान्यताप्राप्त इशारा यंत्रणा हवी. खाट हलवून उठवणारं यंत्र मिळतं म्हणे, पण ते मोबाईलच्या रेंजवर चालतं, आणि टॉवर तुम्ही कोंडात कधी देणार ते तुम्हांलाच ठाऊक. दुसरी, घरी जायचंय हे तिनं स्वतः, प्रमाणित दुभाषासमोर सांगायला हवं. दुभाषी बाई आल्या होत्या. शिकलेल्या, सभ्य. त्यांना शाळेत शिकवतात ती खुणांची भाषा येते, मावशीला कोंडाची येते, आणि तीही आता मोडक्या हातानं. बाईंनी खूप प्रयत्न केला. वैशाली वहिनी खोलीबाहेर बसली होती, तिला आत घेतलं नाही, दबाव असू शकतो म्हणून. कागदावर पुन्हा तेच आलं, संवाद प्रस्थापित होऊ शकला नाही.

ज्या भाषेत ती बोलते ती तुम्ही धरत नाही. आणि ज्या भाषेत धरता ती तिला कोणी शिकवली नाही. तिच्या लहानपणी कोंडातून कुठल्याही शाळेत बहिऱ्या मुलीला नेणारं कोणी नव्हतं. ते मूल्यमापन कधी केलंत?

माझ्या शेवटच्या अर्जावर तुमचं उत्तर आलंय. एकच शब्द: विचाराधीन.

आम्ही दर मंगळवारी भेटायला जातो. मावशी जिन्याच्या तोंडाशी उभी असते. आधी वहिनीचा चेहरा चाचपते, मग माझ्याकडे वळते, नाक दाबते. मग डावा हात वर करते आणि कडी काढल्यासारखा फिरवते. हे घर. तळवा उताणा करते. हे कधी. बघत राहते.

उद्या, परवा, भात कापल्यावर, शिमग्याला, कधीच नाही, या सगळ्याला तिच्या भाषेत खुणा आहेत आणि त्या मला येतात. तुमच्या उत्तराला खूण नाही. मी चारपाच मंगळवार खिशात हात घालून उभा राहिलो. मागच्या खेपेला तिनं माझे दोन्ही हात खिशातून ओढून बाहेर काढले आणि माझ्यासमोर धरले. बोल म्हणाली.

उद्या मंगळवार आहे. ठमाबाई घरी जाणार आहे की नाही? जाणार असेल तर कधी, आणि नाही तर तिनं काय गुन्हा केलाय म्हणून नाही? मी तिला काय सांगू, ते मला उद्याच्या आत सांगा.